जंगलाचा नकाशा कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

शिबिराच्या संयोजकांनी मला विषय दिला तो ‘उपग्रह आणि वनसंरक्षण’ असा. हा विषय शास्त्रज्ञांचा. आपल्या कामाशी त्याचा काय संबंध, अशी शंका काहींच्या मनात आली असल्यास ती अस्वाभाविक नाही. परंतु आज वनहक्काच्या दाव्यावर, पश्चिम घाटातील एखाद्या गावाच्या भवितव्यावर किंवा धनगराच्या चराऊ रानावर जो निर्णय होतो, त्याच्या फाइलीत पुष्कळदा उपग्रहाने घेतलेले एक चित्र जोडलेले असते. ज्याच्या जमिनीचे ते चित्र, त्याला ते बहुधा दाखवलेले नसते. आणि दाखवले तरी ते वाचायचे कसे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सातबाऱ्याचा उतारा तलाठ्याच्या दप्तरात बंद होता, तेव्हा तो वाचायला शिकणे हे आपण चळवळीचे काम मानले. त्याच न्यायाने हे चित्र वाचायला शिकणे हेही आपलेच काम आहे.

प्रथम या साधनाचे ऋण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर तीन दशके आपले सरकार सांगत आले की देशाची सुमारे २३ टक्के भूमी वनाखाली आहे. हा आकडा वनखात्याच्या दप्तरातला होता. कायद्याने ज्या जमिनीची नोंद ‘वन’ म्हणून झाली, तिची ती बेरीज होती. त्या जमिनीवर झाड उभे आहे की केवळ खुंट उरले आहेत, हे त्या बेरजेवरून कळण्याची सोय नव्हती. १९७२ साली अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. त्या मालिकेतील १९७२-७५ आणि १९८०-८२ या दोन कालखंडांची चित्रे हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने तपासली. देशाचे वनाच्छादन १६.८९ टक्क्यांवरून १४.१० टक्क्यांवर आल्याचे तीत दिसून आले. याचा अर्थ, वर्षाला सुमारे १३ लाख हेक्टर जंगल नाहीसे होत होते. खेड्यातली बाई जळणासाठी दर वर्षी अधिक लांब जावे लागते असे सांगत होती, तेव्हा तिचे कोणी ऐकले नव्हते. आकाशातून तेच दिसले, तेव्हा दिल्लीला ते मानावे लागले.

परंतु याच प्रकरणाचा पुढचा भागही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९८१ साली ‘भारतीय वन सर्वेक्षण’ ही संस्था स्थापन झाली व तिचा पहिला अहवाल १९८७ साली निघाला. तिने वनाच्छादन साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास सांगितले. चित्रे लँडसॅटचीच, देश तोच, काळही जवळजवळ तोच. आणि तरीही दोन सरकारी संस्थांच्या निष्कर्षांत पाच टक्क्यांहून अधिक अंतर! पुढे दोन्ही संस्थांनी एकत्र बसून आकड्यांचा मेळ घातला हे खरे. पण या घटनेने एक गोष्ट कायमची सिद्ध झाली. उपग्रह चित्र देतो, आकडा देत नाही. चित्राचा आकडा माणूस करतो, आणि तो करताना कशाला जंगल म्हणायचे हे त्याला आधी ठरवावे लागते.

हे नीट समजण्यासाठी उपग्रह पाहतो कसे, ते थोडक्यात सांगतो. त्यावरील संवेदक जमिनीवरून परतणारा सूर्यप्रकाश मोजतो. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंच्या तफावतीवरून खालची हिरवाई किती दाट आहे याचा अंदाज येतो. चित्रात सारी जमीन लहान लहान चौकोनांत विभागलेली असते आणि प्रत्येक चौकोनाला एकच मूल्य मिळते. भारतीय वन सर्वेक्षण ज्या संवेदकाची चित्रे वापरत आले आहे, त्याचा चौकोन साडेतेवीस मीटर बाजूचा आहे. आपल्या मापात तो सुमारे साडेपाच गुंठे भरतो. या साडेपाच गुंठ्यांत थोडी नाचणी, बांधावरचे आंब्याचे झाड, गवताची पट्टी आणि घराचे छप्पर असे सारे असले, तरी चित्रात त्या सर्वांचा मिळून एकच रंग उमटतो. हा यंत्राचा दोष नव्हे, ती त्याची मर्यादा होय. शास्त्रज्ञ ती जाणतात आणि म्हणूनच प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करण्याचा आग्रह धरतात. कचेरीत बसून फाइल निकालात काढणारा अधिकारी मात्र ती सोयीस्करपणे विसरतो.

आता व्याख्येकडे वळू. एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्रावर झाडांच्या माथ्यांची सावली दहा टक्क्यांहून अधिक पडत असेल, तर ते क्षेत्र आपल्या सरकारी अहवालात ‘वनाच्छादन’ म्हणून मोजले जाते. जमीन कोणाची आणि झाडे कोणत्या जातीची, याचा त्यात विचार नाही. आंब्या-काजूच्या बागा, नारळी-पोफळी, निलगिरीची लागवड हे सारे त्यात येते. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्याचे उदाहरण घ्या. तेथे डोंगरउतारावरचे जंगल तोडून रबराच्या बागा उभ्या राहिल्या. शेकडो जातींची झाडे, वेली, ओढ्याकाठचे जीव यांच्या जागी एकाच जातीच्या झाडांच्या रांगा आल्या. रबर वाढून त्याची सावली पुरेशी पडू लागली की व्याख्येप्रमाणे तेथे वन पुन्हा ‘आहे’! वन सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी येथे कोणाची फसवणूक केलेली नाही. आपली व्याख्या ते प्रत्येक अहवालात छापतात. व्याख्या बाजूला ठेवून केवळ आकडा मिरवणाऱ्या मंत्र्यांचा मात्र हा खेळ आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०२३ च्या अहवालात देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे २१.७६ टक्के असल्याचे म्हटले आहे. दोन वर्षांत त्यात सुमारे १५६ चौरस किलोमीटरची वाढ झाली, असाही निष्कर्ष आहे. हा आकडा निव्वळ बेरजेचा आहे. एका जिल्ह्यात शंभर वर्षांचे जंगल खाणीखाली गेले आणि दुसऱ्या जिल्ह्यात सुरूची लागवड वाढली, तरी वजाबाकी शून्य येऊ शकते. याच अहवालात पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राचा वेगळा हिशेब दिलेला आहे. त्यात दहा वर्षांत सुमारे ५८ चौरस किलोमीटर वनाच्छादन कमी झाल्याचे दिसते. देशाची बेरीज वाढते आणि सह्याद्रीतले रान घटते, या दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात आहेत. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत पहिलीच अधिक झळकते.

झाड हीच कसोटी धरल्याचा दुसरा परिणाम याहून गंभीर आहे. जेथे स्वभावतःच झाडे विरळ असतात, ती जमीन सरकारच्या लेखी ‘पडीक’ ठरते. सोलापूर, सांगली, अहिल्यानगर या पट्ट्यातील माळराने शतकानुशतके माळराने आहेत. माळढोक, काळवीट आणि लांडगा तेथेच राहतात. धनगरांच्या मेंढ्या तेथेच चरतात. त्या माळावर खड्डे खणून झाडे लावली म्हणजे निसर्गाची सेवा झाली असे समजणे हे अज्ञान आहे, आणि तो माळ ‘पडीक’ म्हणून एखाद्या प्रकल्पाला देऊन टाकणे हा अन्याय आहे. मधुसूदन आणि अबी वनक या दोन संशोधकांनी २०२२ साली भारतातील अशा निमकोरड्या मोकळ्या निसर्गप्रदेशांचा नकाशा उपग्रहाच्या चित्रांवरून तयार केला व तो सर्वांसाठी खुला ठेवला. देशाच्या भूमीचा सुमारे दहावा हिस्सा त्यांत मोडतो आणि त्यातील पाच टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रात येतो, असे त्यांना आढळले. साधन तेच आहे, उपग्रहही तेच आहेत. प्रश्न बदलताच उत्तर बदलले, आणि ज्याला दप्तराने पडीक म्हटले होते ते जिवंत ठरले.

मित्रहो, आता आपल्या कार्यकर्त्यांना ज्याच्याशी रोज झगडावे लागते, त्या वनहक्काच्या प्रश्नाकडे येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क मान्य केला. पुरावा म्हणून गावातील वडीलधाऱ्यांचे जबाब, जुने बांध, विहिरी, देवस्थाने, स्मशाने या सर्वांना कायद्याच्या नियमांत स्थान आहे. परंतु ‘२००५ च्या उपग्रह चित्रात येथे शेती दिसत नाही’ एवढ्या एका वाक्यावर दावे फेटाळण्याची चाल ठिकठिकाणी पडली. चित्रात शेती का दिसत नाही? शेतकऱ्याने आंब्याचे, मोहाचे झाड शेतात राखले आहे, म्हणून. वरकस जमीन काही वर्षे कसून काही वर्षे मोकळी टाकावी लागते, म्हणून. पावसाळ्यात आकाश ढगांनी भरलेले असते. चित्र मिळते ते पीक निघाल्यानंतरचे, म्हणून. दहा गुंठ्यांचा तुकडा दोन चौकोनांतच संपतो, म्हणून. ज्याने झाड राखले त्याचाच दावा झाडामुळे फेटाळला जावा, याहून मोठा विपर्यास कोणता?

म्हणूनच २०१२ साली कायद्याच्या नियमांत दुरुस्ती करून असे स्पष्ट करण्यात आले, की उपग्रह चित्र हे इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांची जागा ते घेऊ शकणार नाही. हा नियम प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ केला पाहिजे. गुजरातेत ‘आर्च-वाहिनी’ या संस्थेने तर हेच हत्यार उलट हाती घेतले. गावकऱ्यांनी स्वतः शेताच्या कडेने चालत जाऊन उपकरणाने सीमा नोंदवल्या, त्या सीमा जुन्या उपग्रह चित्रांवर मांडल्या आणि शेती पूर्वीपासून होती हे दाखवून दिले. फेटाळलेल्या दाव्यांचा प्रश्न गुजरात उच्च न्यायालयात गेला आणि २०१३ साली न्यायालयाने त्यांचा फेरविचार करण्याचा आदेश दिला. सरकारी चित्राला उत्तर देण्यासाठी गावानेही चित्रच पुढे ठेवले, शिवाय सोबत वडीलधाऱ्यांची साक्षही ठेवली.

याच्या नेमके उलट उदाहरण २०१९ चे आहे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्यासंबंधी आदेश दिला आणि त्याच आदेशात वन सर्वेक्षणाने उपग्रहाद्वारे अतिक्रमणांची पाहणी करून ती सादर करावी असे म्हटले. देशभर उमटलेल्या प्रतिक्रियेनंतर २८ फेब्रुवारीला या आदेशाला स्थगिती मिळाली. पण त्या पंधरवड्यात लाखो कुटुंबांच्या डोक्यावर टांगती तलवार होती. एकच यंत्र एका ठिकाणी हक्काचा साक्षीदार होते आणि दुसऱ्या ठिकाणी हकालपट्टीचा पंच होऊ पाहते. फरक एवढाच, की नर्मदेकाठच्या गावात ते गावकऱ्यांच्या हातात होते.

पश्चिम घाटाच्या बाबतीत हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली आपला अहवाल दिला. सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून, उपग्रहाची माहिती, उतार, उंची, दुर्मीळ जीवजाती अशा अनेक बाबी एकत्र मांडून समितीने घाटाचे संवेदनशीलतेनुसार तीन श्रेणींत वर्गीकरण केले. मात्र हा नकाशा अंतिम नाही, तो ग्रामसभांपुढे जावा आणि त्यांच्या मतानुसार सीमा ठराव्यात, असा समितीचा आग्रह होता. सिंधुदुर्गातील २५ गावांनी आपल्याला संवेदनशील क्षेत्रात घ्यावे अशी मागणी आपण होऊन केली होती, हे विसरता कामा नये. त्या गावांना खाणी नको होत्या.

पुढे कस्तुरीरंगन समिती आली. २०१३ च्या तिच्या अहवालात उपग्रह चित्रे अधिक बारकाईची होती; चौकोन चोवीस मीटरचा होता. तिने घाटाचे ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ असे दोन भाग केले आणि सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील ठरवले. ज्या गावाचे २० टक्के किंवा अधिक क्षेत्र त्यात येईल ते सबंध गाव यादीत गेले. गंमत पाहा, नकाशा बारीक झाला आणि लोकांचा सहभाग आक्रसला! जेथे माणूस राहतो, राबतो, देवराई राखतो, तो भाग ‘सांस्कृतिक’ म्हणून वेगळा काढला गेला. चोवीस मीटरच्या चौकोनात देवराई दिसते, पण ती कोणी आणि का राखली हे दिसत नाही. बहुतेक गावांत मूळ नकाशा आणि अहवाल त्यांच्या भाषेत पोहोचलाच नाही. पोहोचल्या त्या अफवा. ‘आता घराचे कौलही बदलता येणार नाही’ असे शेतकऱ्याला सांगून त्याला विरोधात उभे करणारे लोक खाणवाल्यांच्या सोयीचे काम करत होते. केंद्राने अधिसूचनेचा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी सहाव्यांदा काढला. त्याच्या आदल्याच दिवशी वायनाडमध्ये डोंगर कोसळून शेकडो माणसे मृत्युमुखी पडली होती. आणि त्याआधी बरोबर दहा वर्षे, ३० जुलै २०१४ रोजी, आपले माळीण गाडले गेले होते. नकाशा तयार असून लोकांपर्यंत न नेण्याची किंमत कोण देतो, हे वेगळे सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल, की संरक्षणाचे काम तज्ज्ञांचे आहे, त्यात लोकांना आणले की गोंधळ होतो. या आक्षेपाचे उत्तर मी ब्राझीलच्या अनुभवावरून देईन. तेथील राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्था १९८८ सालापासून ॲमेझॉनमधील जंगलतोडीचा वार्षिक आकडा उपग्रहांच्या साहाय्याने काढते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये रबराचा चीक गोळा करणाऱ्या कामगारांचा पुढारी चिको मेंडिस याचा खून झाला. जंगल आणि त्यावर जगणारा श्रमिक ही एकच लढाई आहे असे तो सांगत असे. २००४ पासून संस्थेने तोडीची वर्दी तातडीने देणारी व्यवस्था सुरू केली आणि माहिती सर्वांसाठी खुली ठेवली. सरकारी निरीक्षक, सरकारी वकील, पत्रकार, कामगार संघटना या सर्वांनी तिचा वापर केला. २००८ पासून ॲमेझॉन प्रदेशातील शेतीकर्जाला पर्यावरणाच्या अटी लागू झाल्या. २००४ साली सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर असलेली तोड २०१२ मध्ये सुमारे ४,६०० पर्यंत उतरली.

पुढे राज्यकर्ते बदलले. २०१९ साली राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांना वाढत्या तोडीचे आकडे आवडले नाहीत. संस्थेचे संचालक रिकार्डो गाल्व्हाव यांनी आकड्यांचे जाहीर समर्थन केले आणि त्यांना पदावरून जावे लागले. तोड वाढतच गेली. २०२१ मध्ये ती १३,००० चौरस किलोमीटरपर्यंत पोहोचली. पण आकडे लपवता आले नाहीत, कारण ते आधीच जनतेच्या मालकीचे झाले होते. सरकार बदलल्यावर २०२४ साली तोड पुन्हा सुमारे ६,३०० वर आली. उपग्रह या साऱ्या काळात फिरतच होते. तोड घटली किंवा वाढली ती खाली कोणते राजकारण चालले होते त्यानुसार. प्रामाणिक शास्त्रज्ञाला खुर्ची सोडावी लागली तरी त्याचे काम टिकले, ते माहिती खुली असल्यामुळे.

मग आपण काय करायचे? डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला. उपग्रह हे मोठ्यातले मोठे यंत्र आहे. ते कोणतीही ग्रामसभा आकाशात सोडू शकणार नाही. पण त्याने काढलेले चित्र वाचणे हे लहान काम आहे आणि ते गावात होऊ शकते. लँडसॅटचा १९७२ पासूनचा संग्रह २००८ पासून जगाला विनामूल्य मिळू लागला. २०१५ मध्ये सोडलेल्या युरोपीय सेंटिनेल उपग्रहाची चित्रेही विनामूल्य आहेत आणि त्यांचा चौकोन दहा मीटरचा, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याचा आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे त्या गावाने वर्षानुवर्षे चालवलेल्या अभ्यासगटाची पुण्याई होती. अशा अभ्यासगटांपुढे आता हे नकाशे ठेवावे लागतील. गावातील महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा मुलगी चित्र उघडील आणि म्हातारी माणसे सांगतील, की हा ठिपका कुणाचे राब भाजण्याचे ठिकाण, ही रेघ कुणाचा बांध. दोघांनी एकत्र बसल्याखेरीज नकाशा पूर्ण होणार नाही.

मागण्याही ठरवून घेऊ. वनाच्छादनाच्या सरकारी आकड्यात नैसर्गिक जंगल आणि लागवड यांची नोंद वेगळी झाली पाहिजे. माळरानाला ‘पडीक’ म्हणणे थांबले पाहिजे. वन सर्वेक्षणाचे नकाशे गावनिहाय, गट नंबरासह, मराठीत ग्रामसभेला मिळाले पाहिजेत. चित्राच्या आधारे दावा फेटाळायचा असेल, तर ते चित्र, त्याची तारीख आणि चौकोनाचे माप दावेदाराच्या हातात आधी दिले पाहिजे, आणि त्याच्यासमक्ष जागेवर पाहणी झाली पाहिजे. संवेदनशील क्षेत्राच्या सीमा ग्रामसभेत नकाशा मांडून, चर्चा करून ठरल्या पाहिजेत.

विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत या विषयाचे अनेक तरुण अभ्यासक आहेत. त्यांतील पुष्कळांची सहानुभूती आपल्या बाजूने असते, पण गावात ते कोणाच्या ओळखीने जाणार? ती ओळख करून देणे हे तुमच्या हातचे आहे. या शिबिरातून परत गेल्यावर प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्याने फेटाळलेल्या दाव्यांपैकी निदान दहा फाइली मिळवाव्यात, त्यांत उपग्रह चित्राचा उल्लेख कोठे कोठे आहे ते पाहावे, आणि पुढच्या बैठकीला त्या सोबत आणाव्यात. कामाला तेथूनच सुरुवात करू.